चरखा आणि चक्र : दोन तिरंग्यांची कथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. १५ ऑगस्टच्या सकाळी मारतहळ्ळीतील आमच्या मंडळाचे ध्वजवंदन आटोपले आणि एका वयोवृद्ध सभासदांनी पिशवीतून जपून आणलेला खादीचा एक जुना झेंडा उलगडला. त्यांच्या वडिलांनी तो प्रभातफेऱ्यांत मिरवला होता. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा पट्टा. मधोमध मात्र चक्र नव्हते, चरखा होता. जवळ उभा असलेला एक शाळकरी मुलगा म्हणाला, "आजोबा, हा झेंडा चुकीचा छापलाय." त्या गृहस्थांनी काही न बोलता झेंड्याची घडी घातली. केंद्र सरकारच्या सेवेत ध्वजसंहितेची परिपत्रके वर्षानुवर्षे हाताळूनही आम्हांस त्या क्षणी नेमके उत्तर सुचले नाही, ही खंत आजही मनात आहे. ते गृहस्थ आता आपल्यात नाहीत. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ते राहिलेले उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

चरख्याच्या झेंड्याची कुळकथा १९२१ पासून सुरू होते. त्या वर्षी बेझवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे झेंड्याचा आराखडा ठेवला. त्यातून पुढे रूढ झालेल्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा व खाली तांबडा पट्टा असून त्यांवर चरखा होता. १९२३ मध्ये हाच झेंडा घेऊन नागपुरात सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समध्ये झेंड्यासह मिरवणूक नेण्यास सरकारने बंदी केली आणि १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या ती बंदी मोडू लागल्या. प्रारंभी नेतृत्व जमनालाल बजाज यांचे होते. त्यांच्या अटकेनंतर ते वल्लभभाई पटेलांकडे आले. दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले आणि अखेर १८ ऑगस्ट रोजी मिरवणूक त्या रस्त्यावरून गेली. या सत्याग्रहात हुबळीहून डॉ. ना. सु. हर्डीकर आपल्या स्वयंसेवकांसह उतरले होते. त्याच वर्षअखेर काकीनाडा काँग्रेसच्या वेळी त्यांच्याच पुढाकाराने पुढे सेवादल म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचा पाया घातला गेला.

झेंड्याच्या रंगांचा धर्मवार अर्थ लावला जाऊ लागल्याने वाद वाढले. तेव्हा १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची ध्वजसमिती नेमली. तीत काका कालेलकर आणि डॉ. हर्डीकर हे दोघेही होते. समितीने सबंध केशरी रंगाचा, कोपऱ्यात चरखा असलेला झेंडा सुचवला. मात्र ऑगस्टमध्ये मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने केशरी, पांढरा व हिरवा असा तिरंगाच स्वीकारला, पांढऱ्या पट्ट्यावर निळा चरखा ठेवला आणि रंगांस धार्मिक अर्थ नाही असे स्पष्ट केले. आमच्या सभासदांच्या पेटीतला झेंडा तो हाच.

त्या झेंड्याचे मोल कळण्यास आपणां बंगळूरवासीयांना लांब जावयास नको. एप्रिल १९३८ मध्ये तत्कालीन म्हैसूर संस्थानात मद्दूरजवळील शिवपुर येथे बंदी मोडून तो फडकवण्यात आला. त्याच महिन्याच्या २५ तारखेस गौरीबिदनूरजवळच्या विदुराश्वत्थ येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर वल्लभभाई पटेल व आचार्य कृपलानी येथे आले. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याशी समेट झाला आणि संस्थानात काँग्रेसच्या झेंड्यास मान्यता मिळाली.

मग चरखा गेला कोठे? २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला व तो संमत झाला. रंग तेच राहिले. चरख्याच्या जागी मात्र सारनाथच्या सिंहस्तंभशीर्षावरील चक्र आले. गडद निळे, चोवीस आऱ्यांचे. नेहरूंनी दिलेले एक कारण अगदी व्यावहारिक होते. चाती व दोरीसह काढलेला चरखा झेंड्याच्या मागील बाजूने उलटा दिसतो, चक्र मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच. चरख्याचे चाक राहिले, चाती व दोरी तेवढी गेली. डॉ. राधाकृष्णन यांनी त्याच सभेत अर्थ उलगडला: केशरी त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा व सत्याचा, हिरवा भूमीशी असलेल्या नात्याचा, आणि चक्र धर्माचे व गतीचे, कारण जे थांबले ते संपले.

दोहोंतील भेद ध्यानी ठेवणे सोपे आहे. चरखा हा स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या पक्षाच्या झेंड्यावरील खूण होता. स्वतःच्या हातांनी कष्ट करा, असे तो सांगे. चक्र हे सर्वांच्या राज्याचे चिन्ह आहे; न्यायाने चाला, असे ते सांगते. मुलांचा आणखी एक गोंधळ येथेच दूर करावा. आफ्रिकेतील नायजर देशाच्या १९५९ च्या ध्वजातही नारिंगी, पांढरा व हिरवा असे आडवे पट्टे आहेत. पण मध्ये चक्र नसून भरीव नारिंगी गोल आहे आणि ध्वजाचा आकार बहुधा चौरसाकडे झुकणारा असतो. आपल्या ध्वजाचे प्रमाण तीनास दोन असे ठरलेले आहे.

योगायोग असा की, डॉ. हर्डीकरांच्या हुबळीनजीक बेंगेरी येथेच आज प्रमाणित खादी राष्ट्रध्वज तयार होतात. घरापासून दूर राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांच्या दृष्टीने नागपूर, हुबळी आणि बंगळूर या गावांना जोडणारा हा धागा अभिमानाचा आहे.

सारांश, तो झेंडा चुकीचा छापलेला नव्हता. आपल्या राष्ट्रध्वजाच्या आधीचा होता. राष्ट्रध्वज म्हणून तो आज फडकावता येणार नाही, हे खरे. परंतु तो पेटीत दडवून ठेवण्याचेही कारण नाही. त्या सभासदांच्या कुटुंबीयांस आमची नम्र विनंती आहे की, महोत्सवाच्या प्रदर्शनात तो मांडू द्यावा. खाली १९३१ आणि १९४७ ही दोन साले लिहिलेली चिठ्ठी लावू. आणि तो शाळकरी मुलगा, आता चांगला मोठा झाला असेल, त्यानेही एकदा अवश्य येऊन पाहावा.