नागपूरचे साहेब : आगगाडीपूर्वीं आणि नंतर

परदेशांतून आलेला माणूस निर्धन मुलखांत कसा राहतो, हें त्याच्या स्वभावाइतकेंच तेथील रस्ते, पूल, टपाल आणि बाजार यांवर अवलंबून असतें. नागपूरचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास याची चांगली साक्ष देतो.

भोसल्यांच्या राज्यांत कापूस व धान्य पिकत असे, पण माल न्यावयाचा तो बैलांच्या पाठीवर. अशा काळीं, १७९९ ते १८०१ या वर्षांत, संस्कृतज्ञ हेन्री कोलब्रुक कंपनी सरकारचे वकील म्हणून नागपूर दरबारीं होते. त्यांच्यामागून १८०७ मध्यें आलेले रिचर्ड जेंकिन्स सुमारें वीस वर्षें येथें रेसिडेंट होते. त्यांच्याच कारकीर्दींत, नोव्हेंबर १८१७ मध्यें, सीताबर्डीची लढाई झाली. तेव्हां ते कांहीं दुबळे पाहुणे नव्हते. तरीही या मुलखाची माहिती त्यांना येथील जाणत्यांना विचारूनच मिळवावी लागली. १८२७ चा त्यांचा विस्तृत अहवाल तिच्यावरच उभा आहे.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्यें नागपुरास आले. त्यांच्या हातीं राज्यसत्ता नव्हती. मुंबईहून येथवर कित्येक दिवसांची वाट होती आणि स्वदेशीं पाठविलेलें पत्र पोंचावयालाच महिन्याहून अधिक काळ लागे. त्यांनीं मराठी आत्मसात केली, शाळा काढली, गोंडांच्या वस्त्यांत हिंडून त्यांच्या चालीरीती व परंपरा टिपून घेतल्या. नागपूरच्या आसपासच्या खडकांतील जीवाश्म त्यांनीं जमविले. एका खनिजाला त्यांचेंच नांव मिळालें. गोंडांविषयींचीं त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें प्रसिद्ध केलीं. पण तीं छापलेलीं पाहणें हिस्लॉप यांच्या नशिबीं नव्हतें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटजवळचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ते पुरानें भरलेल्या ओढ्यांत बुडाले. ज्या अडचणींनीं त्यांना लोकांच्या जवळ आणलें, त्यांपैकींच एकीनें त्यांचा बळी घेतला.

त्यापूर्वींच, १८५४ सालीं, भोसल्यांचें राज्य खालसा झालें होतें आणि १८६१ मध्यें नागपूर मध्यप्रांताची राजधानी बनलें होतें. पुढें १८६७ मध्यें मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आणि हिंगणघाट येथील कापूस हवा होता, हें तिचें एक प्रमुख कारण. १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्यें मुंबई समुद्री तारेनें इंग्लंडशीं जोडली गेली. आठवड्यांची वाट दिवसांवर आली, महिन्यांची बातमी तासांवर आली.

साहेबाचें जीवन पालटलें. विलायती जिन्नस दाराशीं येऊं लागले, सिव्हिल लाइन्समध्यें बंगले उठले आणि उन्हाळ्यांत सरकारी बिऱ्हाड पंचमढीस जाऊं लागलें. अंमलदारांना देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे खरी. पण हिस्लॉप यांच्यासारख्यांनीं काढलेल्या शाळांतूनच इंग्रजी जाणणारे कारकून तयार झाले होते. मग दुभाषी हाताशीं असतांना पाटलाशीं दोन घटका बोलत बसण्याची गरज कितीशी उरणार? जीव सुरक्षित झाला, घर जवळ आलें आणि शेजार मात्र दूर गेला.

परंतु या बदलाला दुसरीहि बाजू आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेदजी टाटा यांनीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू केली. व्यवस्थापक नेमले बेझनजी दादाभाई मेहता, हे पूर्वीं रेल्वेंत काम केलेले पारशी गृहस्थ. यंत्रांची बाजू संभाळावयाला लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी आले. ज्या शहरांत इंग्रज हा वकील, रेसिडेंट वा कमिशनर म्हणूनच ठाऊक होता, तेथें तो आतां हिंदी मालकाचा पगारदार तज्ज्ञ झाला. त्याचा मान तोफांच्या जोरावर नव्हे, तर चात्यांच्या ज्ञानावर टिकावयाचा होता. आणि तें ज्ञान येथील माणसांना अवगत होईल तसतशी त्याची गरज कमी व्हावयाची होती.

म्हणून हिस्लॉप यांच्या काळाविषयीं हळहळणें व्यर्थ आहे. त्या काळच्या जवळिकीच्या मुळाशीं गैरसोय होती आणि ती गैरसोय येथील रयतेला पाहुण्यापेक्षां अधिक भोगावी लागे. पूल व्हावयासच हवे होते. मात्र पुलानें केवळ वाट सोपी होते. पूर्वीं अडचण जी ओळख करून देत असे, ती पुढें माणसाला आपण होऊन करून घ्यावी लागते. आज नागपूरचे तरुण नोकरीसाठीं दूर देशीं जातात. तेथेंहि सर्व सोयी हाताशीं असतात. तेथील शेजाऱ्याची भाषा शिकावयाची कीं नाहीं, हा प्रश्न आतां त्यांच्यापुढें आहे.