शून्याचा गुणाकार

दोन, पांच, नऊ, सोळा अशा संख्यांची रांग मांडून त्यांस एकमेकांनीं गुणीत जावें, म्हणजे गुणाकार भराभर वाढूं लागतो. परंतु त्या रांगेंत आरंभीं, मध्यें वा शेवटीं, कोठेंहि एक शून्य आलें कीं सारा गुणाकार शून्य होतो. पुढें लाखानें गुणिलें तरी तो पुन्हां वर येत नाहीं. आज हें शाळेंतील मूलहि सांगतें. तथापि कोणास तरी हा नियम प्रथम विचारपूर्वक लिहून ठेवावा लागला.

भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. त्याच्या अठराव्या अध्यायांत धन, ऋण व शून्य यांचे नियम एकत्र आहेत. समान धन आणि ऋण यांची बेरीज शून्य. आणि शून्यानें धनास गुणा, ऋणास गुणा, कीं शून्यासच गुणा, गुणाकार शून्यच. पहिल्या नियमांत दुसऱ्याचें कारण दडलेलें आहे. तिनांतून तीन गेले म्हणजे शून्य. त्याची पांचपट म्हणजे पंधरांतून पंधरा गेले. बाकी कांहीं नाहीं!

खरा घोटाळा पुढेंच आहे. सात शून्यें शून्य, सातशें शून्यें शून्य. मग मूळची संख्या कोणती, याची खूण कोठें उरली? शून्यानें भागून ती परत मिळेल काय? शून्यास शून्यानें भागिल्यास शून्य येतें, असें ब्रह्मगुप्तानें म्हटलें. नवव्या शतकांत महावीराचार्यांनीं तर शून्यानें भागलेली संख्या जशीच्या तशी राहते असें लिहिलें. दोन्ही मतें टिकलीं नाहींत.

भास्कराचार्यांची दृष्टि अधिक सावध. शून्यानें गुणिल्यास शून्य, हें ‘लीलावती’ मान्य करते. परंतु आणखी कृति शिल्लक असेल तर घाई करूं नये, ती संख्या ‘खगुण’ म्हणून तशीच राखावी, आणि पुढें शून्यानेंच भागावयाचें आल्यास ती अविकृत समजावी, असें सांगते. (‘ख’ म्हणजे आकाश, अर्थात् शून्य.) उदाहरणहि मोठें चमत्कारिक आहे. एका संख्येस शून्यानें गुणिलें, आलेल्या फळांत त्याचेंच अर्ध मिळविलें, तिनानें गुणिलें, शून्यानें भागिलें, तेव्हां ६३ आले. तर संख्या कोणती? उत्तर, १४. आजचा परीक्षक या रीतीस गुण देणार नाहीं, आणि तें योग्यच होय. परंतु शून्याच्या जागीं एखादी अतिसूक्ष्म राशि घ्यावी. ती कितीहि लहान करीत नेली तरी उत्तर १४ च येतें. तेव्हां ही रीत केवळ चूक म्हणून सोडून देतां येत नाहीं.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळील पाटणें येथें मठ स्थापिला. त्याचा १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ मध्यें उजेडांत आणला.