शपथभंग आणि 'कफ्फारा' : इस्लामी धर्मविधीतील एक विचार

अरबी भाषेत शपथेला 'यमीन' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'उजवा हात' असा असून, करार करताना परस्परांचा उजवा हात हाती घेण्याच्या प्रथेशी त्याचा संबंध जोडला जातो. लेखनाचा प्रसार अल्प असलेल्या अरबी टोळीजीवनात उच्चारलेल्या शब्दाला मोठे मोल होते. लात, उज्जा या देवतांच्या आणि वाडवडिलांच्या नावाने शपथा घेतल्या जात. परंतु हीच शपथ अन्यायाचेही साधन बने. पत्नीशी संबंध न ठेवण्याची शपथ घेऊन पती तिला ना नांदवी, ना मोकळी करी.

सातव्या शतकात कुराणाने या शपथेला चार महिन्यांची मर्यादा घातली (२:२२६). सत्कृत्य टाळण्यासाठी ईश्वराच्या नावाची सबब पुढे करू नये, असेही बजावले (२:२२४). परंपरेतील अबू बक्र यांचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. मिस्तह हा त्यांचा गरीब नातलग त्यांच्याच साहाय्यावर जगत असे. अबू बक्र यांची कन्या आयेशा यांच्यावर खोटा आळ घेणाऱ्यांत तो सामील झाला, तेव्हा त्याला यापुढे काहीही न देण्याची शपथ त्यांनी घेतली. मात्र क्षमेचा उपदेश करणारी आयत (२४:२२) अवतरल्यावर त्यांनी ते साहाय्य पुन्हा सुरू केले.

अशा रीतीने शपथ मोडणे इष्ट ठरले, तरी शब्दाचे मोल राहिलेच पाहिजे. त्यासाठी 'कफ्फारा' हे प्रायश्चित्त आहे. 'झाकणे' या अर्थाच्या धातूपासून हा शब्द बनला आहे. दहा गरिबांना आपल्या कुटुंबासारखे मध्यम प्रतीचे अन्न द्यावे, किंवा त्यांना वस्त्रे द्यावीत, किंवा एक गुलाम मुक्त करावा. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर तीन दिवस रोजे ठेवावेत (५:८९). येथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. उपवासाची सवलत केवळ असमर्थाला आहे. धनवानाला गरिबांचे देणे चुकवून उपवासावर सुटता येत नाही.

सहज तोंडून निघालेल्या शपथेला दंड नाही. याउलट, झालेल्या गोष्टीविषयी जाणूनबुजून घेतलेली खोटी शपथ 'गमूस', म्हणजे पापात बुडविणारी होय. हनफी पंथाच्या मते तिला कफ्फाराच नाही, केवळ पश्चात्ताप आहे. अन्नदानाने असत्य धुतले जात नाही, असा याचा आशय. कोकणातील मुसलमान ज्या शाफई पंथाचे अनुयायी आहेत, तो पंथ येथेही कफ्फारा आवश्यक मानतो.

गुलाममुक्तीचा पर्याय मात्र इतिहासजमा झाला. ट्युनिसने १८४६ मध्ये आणि सौदी अरेबियाने १९६२ मध्ये गुलामगिरी रद्द केली. शतकानुशतके कफ्फाऱ्याने एकेका गुलामाची बेडी तुटली हे खरे. परंतु ती प्रथा त्याने संपली नाही, त्यासाठी कायदाच करावा लागला.