जपानचा वर्षारंभ : १०८ घंटानाद आणि आपला १ जानेवारी

कोंढ्याच्या तरुणांना पवनीजवळचा रुयाडचा महास्तूप परिचित आहे. त्याच्याशी जोडलेले भदंत संघरत्न माणके जपानच्या हिएई पर्वतावरील एन्र्याकुजी विहारात शिकले. तिथला वर्षारंभ मात्र आपल्याला फारसा ठाऊक नाही. शिक्षण-नोकरीसाठी जपानला निघालेल्यांनी तो समजून घ्यावा.

जपानने १८७३ पासून १ जानेवारी हा वर्षारंभ स्वीकारला. ३१ डिसेंबरच्या रात्री विहारांत मोठी घंटा १०८ वेळा वाजवतात. हा 'जोया नो काने'. १०८ म्हणजे माणसाचे क्लेश : लोभ, द्वेष, मोह आणि त्यांचे प्रकार. प्रथेनुसार १०७ ठोके जुन्या वर्षात, शेवटचा नव्या वर्षात. अनेक विहारांत रांगेत उभे राहून सामान्य माणसालाही ठोका देता येतो. आवाजाच्या तक्रारींमुळे काही विहारांनी हा विधी दिवसा घ्यायला सुरुवात केली, हेही गंमतीचेच! त्याआधी घराची साफसफाई आणि 'सोबा' शेवयांचे जेवण असते.

नव्या वर्षातले पहिले दर्शन म्हणजे 'हात्सुमोदे'. इथे सावध राहावे. लोक विहारात जातात तसेच शिंतो देवस्थानांतही जातात, नवस बोलतात, ताईत घेतात. त्याचे फोटो 'बौद्ध नववर्ष' म्हणून फिरवणे चूक आहे. शिवाय बौद्ध देश म्हणजे समतेचा देश, असेही नाही. बुराकुमिन समाजाला तिथे काही विहारांनी मरणोत्तर नावे देतानाही हिणवले होते.

आपला १ जानेवारी भीमा कोरेगावचा. बाबासाहेबांनी १९२७ साली याच दिवशी विजयस्तंभाला भेट दिली होती. परदेशातल्या आपल्या मुलांना आदल्या रात्री घंटा वाजवून सकाळी खोलीवर अभिवादन सभा घेता येईल. दोन्हींत अडचण काहीच नाही.