हिंगोलीचा हरिसिंग आणि टोळीचा कायदा

[नभोवाणीवरील भाषण]



औंढा नागनाथच्या देवालयास जे यात्रेकरू हिंगोलीच्या बाजूनें येतात, त्यांना ती वाट पंचवीस किलोमीटरांच्या आसपास पडते. आज एस्. टी. त बसलें कीं ती कळतही नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं मात्र असल्या वाटा पायीं किंवा बैलगाडीनें तुडवाव्या लागत, आणि एकटा मनुष्य शक्य तों निघत नसे. सोबत पाहून निघे. सोबत पाहून निघणें ही त्या काळची शहाणपणाची रीत होती, आणि ठगांनीं नेमका तिचाच फायदा घेतला. गोड बोलून सोबती व्हावयाचें, दोन-चार मुक्काम एकत्र करावयाचे, आणि मग एखाद्या ओढ्याकांठीं रुमालानें गळा आवळावयाचा, अशी त्यांची पद्धत.

आमच्या ह्या मुलुखाचा ठगांच्या इतिहासाशीं निकट संबंध आहे. आज मी त्याविषयीं बोलणार आहें; आणि विशेषतः टोळ्यांविरुद्ध जे कायदे झाले, ते कसे झाले, आणि त्यांच्याखालीं धरलेल्या माणसाच्या बाजूनें कोण उभें राहिलें, ह्याविषयीं. मी वकील नव्हे. जन्मभर इतिहास शिकविलेला मास्तर आहें. कलमांचा कीस काढणें मला जमणार नाहीं, आणि श्रोत्यांना तो नकोही असेल.

हिंगोली त्या वेळीं निजामाच्या राज्यांतील हैदराबाद कंटिन्जंट ह्या फौजेची छावणी होती. ती १९०३ पर्यंत तेथें राहिली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा हीं तेथील वस्त्यांचीं नांवें त्याच काळाचीं. ह्या छावणीच्या बाजारांत १८२९ च्या सुमारास हरिसिंग नांवाचा एक व्यापारी राहत असे. मनुष्य प्रतिष्ठित, गोरे अधिकारीही त्याच्याशीं देण्याघेण्याचा व्यवहार करीत. मुंबईहून कापड आणावयाचें आहे, असें सांगून त्यानें अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना मिळविला. हिंगोलीजवळच्याच एका गांवचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघाला आहे, ही बातमी त्याला आधींच होती. वाटेंत त्यानें त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हांकणाऱ्यांना ठार केलें, आणि तोच माल त्याच सरकारी परवान्यावर हिंगोलींत आणून उजळ माथ्यानें विकला. पुढें पकडल्यावर त्यानें स्वतःच ही हकीकत सांगितली, म्हणून ती कळली. आणि सांगतांनाही ती एक गंमत म्हणून सांगितली.

हें सर्व फिलिप मेडोज टेलर ह्यानें लिहून ठेवलें आहे. नळदुर्ग आणि शोरापूर येथील कारभारामुळें ह्या साहेबाचें नांव आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. ठगाच्या कबुलीजबाबावरील त्याची इंग्रजी कादंबरी १८३९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेंत हरिसिंग आहे. कादंबरी कल्पित असली तरी प्रस्तावना कल्पित नव्हे. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत माणसें मारलीं गेलीं आणि पहाऱ्याच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलीं गेलीं, असें तो सांगतो. ते खड्डे उकरले तेव्हां तो जातीनें हजर होता. माफीचे साक्षीदार झालेले ठग एकेक जागा शांतपणें दाखवीत गेले, आणि प्रत्येक खड्ड्यांत अनेक प्रेतें निघालीं.

असल्या गुन्ह्याला त्या वेळचा कायदा पुरा पडेना. कंपनीच्या न्यायालयांत खून शाबीत करावयाचा म्हणजे अमक्यानें तमक्याला अमुक ठिकाणीं मारलें, असें दाखवावें लागे. येथें मेलेला मनुष्य दूरदेशीचा. त्याचीं मुलेंबाळें शेंकडों कोसांवर वाट पाहत बसलेलीं. आणि पाहणारे साक्षीदार म्हणजे मारणारेच. शिवाय कित्येक गुन्हे घडत ते निजाम, शिंदे, भोसले अशांच्या राज्यांत, कंपनीच्या हद्दीबाहेर. तेव्हां १८३६ चा तिसावा कायदा झाला. जो कोणी ठगांच्या टोळींत कधींही होता, हा कायदा होण्यापूर्वीं असो वा नंतर, कंपनीच्या मुलुखांत असो वा बाहेर, असें शाबीत होईल, त्याला सक्तमजुरीची जन्मठेप. खून कोणाचा, कोठें, केव्हां, हें सांगण्याची आवश्यकता राहिली नाहीं. मौलवीच्या फतव्याचीही गरज उरली नाहीं. लागलीच १८३७ मध्यें, पूर्वीं शिक्षा झालेल्या माणसाची साक्षही चालेल, असा आणखी एक कायदा आला. पूर्वीं न्यायाधीश 'तूं काय केलेंस?' असें विचारी; आतां 'तूं कोणाचा?' असें विचारूं लागला.

ह्या कायद्यांनीं काम झालें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. १८३१ ते १८३७ ह्या अवधींत ३,२६६ ठग धरले गेले. ४१२ फांसावर गेले, ४८३ माफीचे साक्षीदार झाले, बाकीच्यांपैकीं पुष्कळ काळ्या पाण्यावर किंवा जन्माच्या कैदेंत. वाटा निर्भय झाल्या. हिंगोलीच्या त्या खड्ड्यांतील माणसांनाही कोणी वाली हवा होता, आणि तो विल्यम स्लीमनच्या खात्यानें दिला, हें मी कृतज्ञतापूर्वक म्हणतों.

पण ह्या आंकड्यांकडे थोडें थांबून पाहावें. सातांत एक मनुष्य साक्षीदार. त्याचा जीव वांचला तो इतरांचीं नांवें सांगितल्यामुळें, आणि वांचत राहिला तो सांगत राहिल्यामुळें. जबलपूरला ह्या लोकांना तंबू व सतरंज्या विणण्यास लावलें, तेथेंच त्यांचीं कुटुंबें राहिलीं. स्लीमन सावध होता. तो प्रत्येक साक्षीदाराला वेगळा ठेवून विचारी आणि जबाब ताडून पाही. परंतु ताडून पाहणारा तोच, आरोप ठेवणारेंही त्याचेंच खातें. आरोपीच्या वतीनें उभा राहून 'ह्या माणसाशीं तुझें पूर्वीचें वैर होतें कीं नाहीं?' असें त्या साक्षीदाराला विचारणारा वकील ह्या खटल्यांत दिसत नाहीं. आणि ठग म्हणजे कोण, हें १८३६ च्या कायद्यानें सांगितलेंच नव्हतें! ती व्याख्या १८४८ त आली. म्हणजे बारा वर्षें माणसें एका शब्दाखालीं जन्मठेपेस जात होतीं, आणि त्या शब्दाचा अर्थ मागाहून ठरला.

हरिसिंगाचेंच उदाहरण पुन्हां घेऊं. त्याचें तें कापड छावणींतल्या शिपायांनीं विकत घेतलें. ते टोळींतले होते काय? परवाना देणारा अधिकारी? हमाल? संबंध तर सर्वांचाच होता. जाणून केलें कीं अजाणतां, हा भेद करावयाचा तर कोणीतरी तो न्यायाधीशापुढें मांडला पाहिजे, आणि सरकारी बाजूला तो मांडण्याची निकड नसते.

दुसरा धडा याहून कडू आहे. हिंगोलीचा हा ठग घरदार असलेला, पत असलेला, परवानाधारक व्यापारी होता. असें असतां सरकारचा संशय पुढें कोणावर स्थिर झाला? फिरस्त्यांवर. १८७१ मध्यें गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानांत लागूं होता, १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासह सर्व इंग्रजी मुलुखावर आला. पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींचीं नांवें नोंदवहींत चढलीं. अंगठ्याचे ठसे, हजेरी, गांव सोडण्यास दाखला. सोलापूरला तर तारेच्या कुंपणांतली वसाहतच. १८७१ च्या कायद्यांत अशी स्पष्ट तरतूद होती कीं, एखादी जमात गुन्हेगार ठरविणाऱ्या जाहीरनाम्याच्या योग्यायोग्यतेचा विचार कोणत्याही न्यायालयानें करूं नये. वकिलाचें तोंड बंद करण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाहीं. ठगांच्या कायद्यांत निदान 'टोळींत होता' हें शाबीत करावें लागे. येथें जन्म हाच पुरावा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला. पोटीं आलेल्या पोरांना मात्र शाळेंत व चावडीवर तो शिक्का पुढेंही सोसावा लागला. मास्तर म्हणून हें मी डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आतां बचावाच्या बाजूकडे वळतों. आपल्या महाराष्ट्रांत ह्या बाबतींत पहिलें नांव घ्यावयाचें तें गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका यांचें. १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडक्यांनीं रामोश्यांना हाताशीं धरून दरोडे घातले. हेतु स्वराज्याचा, साधन टोळीचें. जुलैमध्यें देवर नावदगी येथें ते पकडले गेले आणि पुण्यांत त्यांच्यावर दरोड्यांचा व राजाविरुद्ध लढाईचा खटला उभा राहिला. ते दिवस कसे होते? मे महिन्यांत पुण्याचे बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा आगींत सांपडले होते. संशयाचें वारें इतकें, कीं सरकारी नोकरींतल्या माधवराव रानड्यांचीही धुळ्यास बदली झाली. अशा वेळीं फडक्यांचें वकीलपत्र घेणें म्हणजे स्वतःचें नांव पोलिसांच्या वहींत घालून घेणें. काका तर सार्वजनिक सभेचे प्रमुख, सनदशीर मार्गाचे पुरस्कर्ते. दरोडा त्यांना मान्य असणें शक्यच नव्हतें. तरी ते उभे राहिले. फडक्यांची स्वतःच्या हातची रोजनिशी सरकारच्या हातीं पडली होती. खटला जिंकण्यासारखा नव्हता. जन्मठेप झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत फडके वारले. पण काकांनीं एक पायंडा पाडला. आरोपीचें वकीलपत्र घेणारा आरोपीच्या कृत्याचें समर्थन करतो असें नव्हे, हें पुण्याला त्यांनीं कृतीनें दाखविलें.

कायद्यांतही हळूहळू वाट झाली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरण्यास मनाई केली. १८९८ च्या फौजदारी संहितेनें आरोपीला वकिलामार्फत बचावाचा हक्क दिला, आणि राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमानें तो मूलभूत हक्क झाला.

पुढें १९९९ साल आलें. ह्याच सालीं १ मे रोजीं परभणीपासून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला, आणि ह्याच सालीं महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे आपण बोलतांना ज्याला मोक्का किंवा मकोका म्हणतों तो, अंमलांत आला. मुंबईंतल्या खंडणीच्या व सुपारीच्या टोळ्यांनीं त्या दशकांत जो उच्छाद मांडला होता, तो पाहतां कायदा हवाच होता. धमकीपुढें साक्षीदार टिकत नव्हते. पण ज्यांनीं १८३६ चा कायदा वाचला असेल, त्यांना त्याची चाल ओळखीची वाटेल. येथेंही एका कृत्यापेक्षां 'चालू असलेला बेकायदा उद्योग' महत्त्वाचा; मागील दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक दोषारोपपत्रें दाखल असलीं पाहिजेत. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानें घेतलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. १८७२ चें कुंपण येथें उघडलें गेलें. आरोपपत्रासाठीं १८० दिवसांपर्यंत मुदत वाढूं शकते, आणि आरोपी दोषी नाहीं असें मानण्यास कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज जामीन नाहीं.

मात्र १८३६ त नसलेल्या पायऱ्या येथें आहेत. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वसंमति असल्यावांचून गुन्ह्याची नोंद नाहीं; अपर महासंचालकाच्या मंजुरीवांचून न्यायालय खटला हातीं घेत नाहीं; कबुलीजबाब विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. बचावाच्या वकिलाचें खरें काम ह्या पायऱ्यांवर चालतें. संमति देणाऱ्यानें कागद वाचले होते काय, जुनीं दोषारोपपत्रें खरोखर ह्याच टोळीचीं आहेत काय, कबुलीजबाब देणाऱ्याच्या अंगावर वळ होते काय. लोक ह्याला 'तांत्रिक मुद्दे' म्हणून नाक मुरडतात. २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रणजितसिंग शर्मा यांच्या प्रकरणांत जामिनाच्या अटीचा अर्थ इतका ताणूं नये कीं जामीन मिळणेंच अशक्य व्हावें, असें सांगितलें. हा निकाल वकिलानें मुद्दा मांडला म्हणून लागला.

आणि मुद्दा मांडला गेला तरी वेळ किती जातो पाहा. ११ जुलै २००६ रोजीं मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट होऊन १८० हून अधिक माणसें मेलीं. ह्याच कायद्याच्या विशेष न्यायालयानें २०१५ मध्यें बाराजणांना दोषी ठरविलें, पैकीं पांचांना फांशी. २१ जुलै २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें बाराहीजणांना निर्दोष सोडलें. कबुलीजबाब त्याला विश्वासार्ह वाटले नाहींत. बारांतला एक त्यापूर्वींच कैदेंत मेला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरूं नये, असें तीनच दिवसांत त्या न्यायालयानें सांगितलें. स्फोटांत मेलेल्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनंतरही आपलें माणूस कोणीं मारलें, ह्याचें उत्तर हातीं आलेलें नव्हतें. कच्च्या कबुलीजबाबावर उभारलेला खटला त्यांनाही फसवितो, हें वकिलांना शिव्या देणारे विसरतात.

अशा आरोपींचें वकीलपत्र घ्यावयाचें नाहीं, असे ठराव कित्येक ठिकाणच्या वकीलसंघांनीं केले. २०१० मध्यें कोइमतूरच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असले ठराव बेकायदा व रद्दबातल ठरविले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागूं झाली. जुन्या दंडसंहितेंत १८६० पासून ठगाची व्याख्या व शिक्षा सांगणारीं दोन कलमें होतीं, ३१० आणि ३११. तीं नव्या संहितेंत नाहींत. त्यांच्याऐवजीं १११ वें कलम संघटित गुन्हेगारीचें, आणि तें सर्व देशाला लागूं. म्हणजे पूर्वीं मुंबईपुरतें वाटणारें हें प्रकरण आतां आमच्या खेड्यापाड्यांतही येऊं शकेल; चार पोरें एका गाडींत बसलेलीं सांपडलीं, तर त्यांतला कोण टोळीचा आणि कोण नुसता सोबती, हा प्रश्न हिंगोलीच्या कोर्टांतही उभा राहील.

म्हणून जातां जातां एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणें कोठडींत असलेल्या कोणाही माणसाला, त्याचें उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मागतां येतो. आरोप कोणताही असो. अर्ज साध्या कागदावर चालतो. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावा, तुरुंगांत असल्यास तुरुंगाधिकाऱ्यामार्फत पाठवावा, आणि लिहितां येत नसेल तर तोंडी सांगून लिहवून घ्यावा.