मगनवाडीचे सोनखत आणि जातीचा प्रश्न

वर्ष १९३५. वर्ध्याच्या मगनवाडीतून सकाळी काही मंडळी बादल्या व फावडी घेऊन लगतच्या सिंदी गावाकडे निघत. (रेल्वेस्थानकामुळे परिचित असलेले सिंदी ते हे नव्हे.) त्यांत महादेवभाई देसाई होते, मीराबेनही होत्या. गावकऱ्यांनी रस्त्याकडेला केलेली घाण ते उचलत.

मगनवाडी हे डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे, जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह. येथे मैल्याकडे सोनखत म्हणून पाहिले जाई. तो उथळ चरात पुरावा, कारण मातीच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव त्याचे लवकर खत करतात, असा गांधीजींचा आग्रह होता.

गाव मात्र हलले नाही. लोक पाहत राहिले, मदतीस येईनात. अज्ञान हे एकच कारण नव्हते. मैला उचलणे एका जातीच्या माथी मारलेले होते. याच वर्ध्यात १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते. फावडे हाती घेणे त्याहून अवघड ठरले.

डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या ग्रंथात मुळावरच बोट ठेवले: भंगीकामाला उदात्त म्हणणे म्हणजे त्या माणसांना त्याच कामात बांधून ठेवणे. हा आक्षेप सिंदीतील सेवेने खोडून निघत नाही. आश्रमवासी फावडे खाली ठेवू शकत होते. ज्यांच्या जन्मालाच ते चिकटले होते, त्यांना ती मुभा नव्हती.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला. तो अपुरा पडला, म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.