मनगटातला बोगदा आणि चोळणारे हात

‘हाताला मुंग्या येताहेत, जरा तेल लावून चोळून दे गं,’ हे आपल्या घरांतलं जुनंच वाक्य. मी डॉक्टर नाही, वैद्यकाच्या इतिहासाचा वाचक आहे. पण या चोळण्याचा इतिहास चाळताना मला वाटत आलं आहे, की त्यात एका आजाराची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली.

इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ सालच्या वाढवलेल्या आवृत्तीत कारकूनही आहेत. सतत बैठक, हाताची एकाच दिशेनं हालचाल आणि वहीत चूक होऊ नये म्हणून मनावर ताण, अशी दुखण्याची तीन कारणं ते देतात. तिसरं कारण कुठल्याही कचेरीतल्या माणसाला पटेल!

एकोणिसाव्या शतकात लिहिण्याचं काम अफाट वाढलं आणि टाक हातात घेताच बोटं आखडण्याची तक्रारही वाढली. हा ‘लेखनिकाचा पेटका’. त्यावर १८८०च्या दशकात नाव गाजलं ते फ्रँकफर्टच्या युलियस वोल्फ यांचं. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. सुंदर हस्ताक्षर शिकवणारे मास्तर होते. ते हाताला मालीश करत, व्यायाम देत आणि पुन्हा हळूहळू लिहायला शिकवत. पॅरिसच्या शार्कोसारख्या नामांकित डॉक्टरांनीही त्यांची वाखाणणी केली. २७७ रुग्णांपैकी १५७ बरे, २२ सुधारले, ९८ जसेच्या तसे, असा त्यांचा हिशेब नोंदलेला आहे. अपयशाचा आकडा न लपवणारा हा मास्तर मला आवडतो.

पण रात्री हात बधिर होऊन जाग येणं हे दुखणं वेगळं. बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी १८८० साली अशा ३७ रुग्णांची हकीगत लिहिली. त्यांत बायकाच जास्त. कुणी हात खाटेवरून खाली सोडायच्या, कुणी झटकायच्या, कुणाला बराच वेळ चोळावं लागायचं. आराम पडायचा, पण मूळ कारण हाती लागलं नव्हतं.

ते मनगटात होतं. तिथं तळव्याच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटं वळवणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्यांभोवती सूज आली की नस चेपते, आणि अंगठा, त्याशेजारची दोन बोटं व अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी सुटते. मारी आणि फ्वा या फ्रेंच डॉक्टरांनी १९१३ साली एका मृत रुग्णाच्या मनगटात ही चेपलेली नस दाखवली आणि पट्टा वेळीच कापावा असं सुचवलं. फारसं कुणी ऐकलं नाही. पुढेही कित्येकांच्या बधिर हातांचा दोष मानेजवळच्या जादा बरगडीवर टाकला गेला, ती कापलीही गेली! लंडनच्या रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी १९४७ साली ६ स्त्रियांच्या हकिगती छापल्या, तेव्हा कुठे लक्ष मनगटाकडे वळलं. यालाच आज ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात.

मग मालीश व्यर्थ का? तसं नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मायामीच्या एका अभ्यासात ४ आठवड्यांच्या मालिशीनं दुखणं कमी झालं, हाताची पकड सुधारली. मात्र माणसं होती अवघी १६. हाताचे ताठलेले स्नायू सैल होतात, आराम वाटतो; तो पट्टा मात्र चोळून रुंद होत नाही. गरोदरपण, मधुमेह किंवा थायरॉईडमुळे हा त्रास असेल, तर उपाय तिकडे बघावा लागतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधणं हा साधा इलाज अनेकांना पुरतो.

वोल्फ मास्तरांच्या यशाकडे बोट दाखवून महिनोन् महिने नुसतं चोळत बसण्यात धोका आहे. नस फार काळ चेपली, तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजून सपाट होतो, आणि तो शस्त्रक्रियेनंतरही पुरता भरून येईलच असं नाही. हा सपाटपणा चोळणाऱ्याच्या हाताला सहज लागतो. तो लागला की तेलाची वाटी बाजूला ठेवून नसेची तपासणी करून घ्यावी.